खापरं धुताना

सकाळी सातला टेकडीवरून घमेली येतात.
मी, गारिफालिया, अंगणातल्या नळाखाली बसते,
दात घासायच्या जुन्या ब्रशनं
बत्तीसशे वर्षांची माती काढते.
(तीन हजार म्हटलं की क्लेओनिकीबाई रागावतात.)
मातीचं पाणी लिंबाच्या झाडाला सोडते.
झाडाची अजून तक्रार नाही.

चौकातल्या लांबिस कॉफीवाल्याला राजा हवाय.
निदान एक सोन्याचा वाडगा, गंजकी का होईना तलवार,
वळणावर नावाची पाटी, पाटीखाली बसगाड्या.
"आपल्या किनाऱ्यावरून गेली होती जहाजं," तो म्हणतो,
"नव्वद. मोजून नव्वद.
इतका नेमका आकडा माणूस थापेत सांगतो का?"

थापेतच सांगतो.
माझा नवरा हातून निसटलेला मासा
ग्रॅममध्ये सांगायचा.

गोष्ट मलाही पाठ आहे, आजीनं भरवली तशी:
दहा वर्षं पोरं मेली परक्या वाळूत
आणि खापर फोडलं एका बाईच्या डोक्यावर.
त्या खापराचे तुकडे अजून कुणाला सापडले नाहीत.
माझ्या घमेल्यात येतात ते रांजणाचे कान,
मागाची वजनं, काळं पडलेलं अंजीर,
चोच असलेली एक वाटी, बाळाला दूध पाजायची;
तिच्या काठावर कुणाचं तरी बोट उमटलंय, माझ्याहून बारीक.

मग जुलैत ती पाटी निघाली. तळहाताएवढी.
अशा पाट्या कच्च्या मातीच्याच असायच्या म्हणे,
वर्ष सरलं की भिजवायच्या, मळायच्या, पुन्हा लिहायच्या.
कारकुनाची रोजची वही. कोण जपतंय?
तेवढ्यात महाल पेटला.
तेल पेटलं, लोकर पेटली, तुळया कोसळल्या,
आणि जे उद्या पुसलं जायचं होतं ते भाजून पक्कं झालं.
राजाला काही राखता आलं नाही.
राखेनं हिशेब राखला.

अथेन्सहून योर्दानिस आला, भिंग घेऊन, दाढीत केकचे कण.
दोन दिवस पाटीवर वाकून बसला.
तिसऱ्या दिवशी अख्खं गाव अंगणात. लांबिसनं दुकान बंद ठेवलेलं.
"वल्हेकरी," योर्दानिसनं वाचलं.
"एका गावचे आठ. दुसऱ्या गावचे पाच.
पैकी एक गैरहजर."

"जहाजं कुठं निघाली होती?"
"लिहिलेलं नाही."
"मग गोष्ट खरी की खोटी?"
योर्दानिसनं क्लेओनिकीबाईंकडं पाहिलं.
"वल्ही होती," बाई म्हणाल्या. "मारणारे होते.
त्यापुढचं मी सांगितलं तर तीही गोष्टच."

लोक पांगले. माझे हात पाण्यातच राहिले.

छप्पन सालचा मार्च, कालामाताचा धक्का,
मालवाहू बोटीची यादी, यादीत माझा बाप, अनार्गिरोस,
आणि नावापुढं आडवी रेघ: आला नाही.
त्या रात्री आमची शेळी अडली होती.
बोट गेली ती गेलीच.
अकरा जणांची नावं चर्चच्या भिंतीवर कोरली आहेत,
दर मार्चला फुलं, दर मार्चला पाद्री म्हणतो, आमचे वीर.
बाप त्या भिंतीवरून कधी गेला नाही.
ओढ्याकडून वळसा घालून भाकरी आणायचा, भर पावसातही.
तीन वर्षांनी मी झाले.

गेलेल्यांसाठी गोष्टी असतात.
हा जो निघालाच नाही, बत्तीसशे वर्षांपूर्वी,
ताप होता? बायको दिवसांत होती?
की नुसताच भ्याला, झाडीत बसून राहिला?
त्याच्या नशिबी दोन खुणा, ओल्या मातीत,
त्याही आग लागली म्हणून.

संध्याकाळी लांबिस परत आला, टोपी हातात घेऊन.
"त्या गैरहजर माणसाचं नाव तरी?"
"नाही लिहिलेलं."
"मग काय उपयोग," म्हणाला, आणि दुकान उघडायला गेला.

अजून दोन घमेली बाकी होती.
मी नळ जरा बारीक केला.